समाजमाध्यमांवरचा मजकूर वर्गात तपासायला शिकवणे : तुमचे अनुभव हवे आहेत

खडूफळा

आधी स्वतःची चूक सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचे पत्र माझ्या व्हॉट्सॲपवर आले. अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी, असा मजकूर होता. बाहेर पाऊस कोसळत होता, पत्रावर राजमुद्रा होती, जावक क्रमांक होता, खाली गोल शिक्का होता, आणि मी ते दुसऱ्याच मिनिटाला आठवीच्या पालकांच्या गटावर पाठवून दिले. सकाळी सुट्टी नव्हती. वर्गातली अकरा मुले घरी राहिली आणि मुख्याध्यापकांसमोर मला जे ऐकून घ्यावे लागले ते इथे लिहीत नाही.

त्या पत्राच्या झेरॉक्स काढून मी चार-चार मुलांच्या गटांत वाटल्या आणि एवढेच विचारले, की सर कुठे फसले ते शोधा. सर फसले म्हटल्यावर मुलांना जो उत्साह आला तो आधीच्या कोणत्याही तासिकेत आलेला नव्हता. एका गटाने वर्षाचा शेवटचा आकडा किंचित जाड असल्याचे दाखवले. दुसऱ्या गटातल्या मुलीने सांगितले, की पत्रात वार बुधवार आहे आणि त्या दिवशी तर गुरुवार होता. मी म्हणालो, टंकलेखनाची चूक असेल. ती म्हणाली, "नाही सर, ३६५ ला ७ ने भागल्यावर बाकी एक उरते, म्हणजे हे गेल्या वर्षीचे पत्र आहे आणि फक्त साल बदलले आहे." तिचे म्हणणे बरोबर निघाले. गणिताचे शिक्षक हे ऐकून दिवसभर खुशीत होते.

सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ इतिहासाच्या साधनांवर आहे. साधन अस्सल की बनावट, ते लिहिणारा कोण, त्याने घटना स्वतः पाहिली की ऐकीव माहिती लिहिली, हे तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नये, असे आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि चाचणीत गुणही देतो. तोच प्रश्न हातातल्या मोबाईलला विचारायचा असतो, हे मात्र आपण त्यांना सांगत नाही. त्याऐवजी वर्षातून एकदा कुणी पाहुणे येतात आणि मोबाईल किती वाईट, यावर तासभर बोलतात. मुले टाळ्या वाजवतात, घरी जातात आणि आईच्या मोबाईलवर रील पाहतात. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्यांपैकी ७६ टक्के मुलांनी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात समाजमाध्यमे वापरली होती, तर शिक्षणासाठी फोन वापरणारी मुले ५७ टक्के होती. इतकी मुले तिथे आधीच पोहोचलेली असताना दारावर उभे राहून "आत जाऊ नका" म्हणण्याने काय साधते, हे मला कळत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की यासाठी नवा विषय, नवे पुस्तक किंवा संगणककक्ष लागत नाही. झेरॉक्स आणि पस्तीस मिनिटे पुरतात. कुणी असे काही केले असेल, किंवा करून फसले असेल, तर सविस्तर लिहावे.

जुनेदप्तर

आपण साधनांच्या पाठाचा उल्लेख केलात, त्यामुळे राहवले नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या आसपासच्या अस्सल पत्रांचा होता. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची झाडाझडती घेतली आहे. बखर घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, कुणाच्या तरी सांगण्यावरून, ऐकणाऱ्याला आवडेल अशी लिहिलेली असते, तर पत्र त्या दिवशी, त्या ठिकाणाहून, कामापुरते लिहिलेले असते, हा तो मूळ भेद होय. व्हॉट्सॲपवर "शेवटपर्यंत वाचा आणि प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा" असा जो मजकूर येतो, तो बखरीच्या जातीचा आहे. त्याला लेखक नसतो, तारीख नसते आणि रस भरपूर असतो.

एक सावधगिरी मात्र मुलांना सांगावी. समकालीन कागद आहे म्हणून तो खरा ठरत नाही. लढाईच्या दुसऱ्या दिवशी धन्याला पत्र लिहिणारा कारकूनही आपली चूक झाकतोच. तसेच, घटनास्थळावरून कुणी थेट चित्रण केले म्हणजे ते संपूर्ण सत्य झाले, असे मुलांच्या मनात बसू नये. कॅमेरा कुठे उभा होता आणि चित्रण कुठे सुरू होऊन कुठे थांबले, हे प्रश्न उरतातच.

सातपुड्याचा_वारा

चित्रण कुठे थांबले, या प्रश्नासाठी आमच्या धुळे जिल्ह्याने मोठी किंमत मोजली आहे, म्हणून लिहितो.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळ्यांचे संदेश देशभर फिरत होते. त्यांच्यासोबत एक चित्रफीत असे. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांतल्या एकाला उचलतात आणि निघून जातात. ती मुळात कराचीतील मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, असे सांगणारा फलक दाखवतात. कुणीतरी शेवटचे हे काही क्षण कापले. १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा बाजार भरलेला असताना भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्यातले होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले गेले. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. संदेशाच्या डोक्यावर जे दोन बाण दिसतात ती अशा अनेकदा पुढे गेलेल्या संदेशाची खूण. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी ते बाण रोज पाहिले होते, पण त्यांचा अर्थ एकालाही सांगता आला नाही. काहींना वाटत होते, की दोन बाण म्हणजे संदेश महत्त्वाचा आहे.

मी ती चित्रफीत वर्गात दाखवत नाही. लहान मुले घाबरतात, आणि दाखवलेले लक्षात राहते, पण त्यावर केलेला खुलासा विसरला जातो. मी ती गोष्टीसारखी सांगतो आणि मूल उचलले गेले त्या क्षणी थांबतो. तुम्ही बाजारात उभे आहात, हे तुमच्या फोनवर आले, आणि समोरून अनोळखी पाच माणसे येत आहेत, तर काय कराल, असे विचारतो. मुले प्रामाणिक असतात. निम्मी सांगतात, की आम्ही गावाला गोळा करू. त्यानंतर मी उरलेली गोष्ट सांगतो. त्या दिवशी वर्गात पुढे काही शिकवता येत नाही, म्हणून ती तासिका शेवटची ठेवतो.

केरळमधील कण्णूर जिल्ह्यात त्याच वर्षी तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे दीडशे सरकारी शाळांत 'सत्यमेव जयते' नावाने असे वर्ग घेतले होते. गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांमुळे पालक मुलांना लस देईनात, हे त्यामागचे एक कारण होते. असे वर्ग आपल्याकडे घ्यायलाही राज्यपातळीवरच्या आदेशाची वाट पाहावी लागू नये.

दोन_पिलांची_आई

शाळेत हे शिकवल्यावर घरी काय होते ते सांगते. माझा सहावीतला मुलगा जेवायला बसला असताना त्याच्या आजोबांनी सर्वांना वाचून दाखवले, की युनेस्कोने 'जन गण मन' हे जगातील सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आहे. मुलगा ताडकन म्हणाला, "आबा, हे खोटे आहे, आमच्या बाईंनी सांगितले." आबांनी ताट बाजूला सारले. त्यांना वाटले, की नातू राष्ट्रगीताचा अपमान करतो आहे.

युनेस्को असा कोणताही पुरस्कार देत नाही आणि त्या संस्थेने हे वृत्त केव्हाच नाकारलेले आहे, म्हणजे मुलाचे बरोबर होते. पण वडीलधाऱ्यांना चारचौघांत खोटे पाडायचे कसे, हे बाईंनी शिकवलेले नव्हते. आमच्या घरातला मोठ्यांना उलटून न बोलण्याचा नियम मलाही मोडायचा नाही. तरी चूक तशीच राहू देणेही बरे वाटत नाही. शिक्षकांनी यावरही वर्गात बोलावे, ही विनंती.

खडूफळा

ताई, ही अडचण माझ्या ध्यानातच आली नव्हती. मी मुलांना आता असे सांगून पाहतो, की खोटे आहे असे म्हणू नका, "आबा, हे कुठून आले, आपण दोघे मिळून शोधू या का?" असे विचारा, आणि शक्यतो गटावर न लिहिता त्यांच्या शेजारी बसून विचारा. आठवीच्या वर्गात आम्ही याचा प्रवेश बसवला. आजोबांची भूमिका करणाऱ्या मुलाने इतका हट्ट धरला, की नातीची भूमिका करणारी मुलगी रडकुंडीला आली. तिला विचारले, तर म्हणाली, "घरी पण असेच होते."

आज्ञावली

मी संगणकक्षेत्रात आहे, शिक्षक नाही. इथवरची सगळी चर्चा मजकूर खरा की खोटा, यावर झाली. ती आवश्यक आहे, पण मला ती अपुरी वाटते. व्हॉट्सॲपवर संदेश निदान ओळखीच्या माणसाकडून येतो. इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर तुमच्यासमोर काय यावे हे यंत्र ठरवते, आणि त्याला खऱ्याखोट्याशी कर्तव्य नसते. तुम्ही कुठे थांबलात, काय दोनदा पाहिले, कशावर चिडून लिहिले, एवढेच ते मोजते. फेसबुकच्या २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांवरून हे उघड झाले, की २०१७ पासून रागाच्या चिन्हासह सर्व भावचिन्हांना साध्या लाईकच्या पाचपट वजन दिले जात होते. म्हणजे तुम्ही एखाद्या मजकुरावर रागाचे चिन्ह दाबून निषेध नोंदवलात, तर तो आणखी लोकांपर्यंत पोहोचवायला तुम्हीच हातभार लावलात. पुढे हे वजन टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. माझ्या मते हे एक उदाहरण तासभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून जाते.

यासाठीही वर्गात फोन लागत नाही. मुलांना घरी यूट्यूब उघडून पहिल्या दहा चित्रफितींची नावे वहीत उतरवून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी वह्यांवरची मुलांची नावे झाकून वह्यांची अदलाबदल करा आणि ही कोणाच्या घरची यादी असेल ते ओळखायला लावा. माझ्या भाचीच्या वर्गात हा प्रयोग झाला. कुणाचे वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात, कुणाच्या घरी नुकतेच बाळ झाले आहे आणि कुणाचा मोठा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतो आहे, हे मुलांनी यादीवरून बिनचूक सांगितले. जे वर्गमित्राला कळते ते कंपनीलाही कळते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

उलटतपासणी

थोडा विरोधी सूर लावतो.

पहिली गोष्ट, मजकुराकडे टक लावून बघून तो तपासता येतो, हा समज घातक आहे. खडूफळा यांच्या मुलांना जाड आकडा सापडला कारण ते पत्र गबाळेपणाने केलेले होते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी कोणताही आकडा एकसारखा करता येतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना संकेतस्थळे तपासायला दिली होती. त्यांत पीएचडी झालेले दहा इतिहासकार, दहा व्यावसायिक सत्यशोधक पत्रकार आणि २५ विद्यार्थी होते. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि देखण्या बोधचिन्हांना भुलले. सत्यशोधकांनी ते पान जवळजवळ वाचलेच नाही. ते लगेच बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणतो ते शोधू लागले, म्हणून कमी वेळात बिनचूक उत्तरापर्यंत पोहोचले. जुनेदप्तर यांना हे रुचणार नाही, पण इतिहासकारांची शिस्त तिथे तोकडी पडली. मुलांना आधी बाहेर पडायला शिकवा. सुट्टीचे पत्र आले, तर पत्र न्याहाळत बसण्यापेक्षा जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ते आहे का, हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

दुसरी गोष्ट, सगळ्यावर संशय घेणारे मूल हे विचार करणारे मूल नव्हे. माझ्या ओळखीच्या एका शिकवणीत महिनाभर रोज एकेक खोटी बातमी उघडी पाडली जात असे. शेवटी मुलांना वर्तमानपत्रातली पुराची खरी बातमी दिली, तेव्हा तीही त्यांनी बनावट ठरवली. पाच नमुन्यांतले निदान तीन खरे असलेच पाहिजेत, नाहीतर आपण नकार देण्याची सवय लावतो आणि तिला चिकित्सा म्हणतो.

तिसरी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे आणि कुणी लिहीत नाही. नमुन्यासाठी राजकीय संदेश निवडला, की संध्याकाळपर्यंत कुणीतरी मुख्याध्यापकांच्या दालनात येऊन बसते. एका शाळेत एका शिक्षिकेला अशा प्रसंगानंतर लेखी खुलासा द्यावा लागला. तिने दिलेला नमुना खोटाच होता, हे सगळे मान्य करत होते. म्हणून सुरुवातीला राजकारण टाळावे, या मताचा मी आहे, आणि हे मत मला स्वतःलाच फारसे आवडत नाही.

जुनेदप्तर

रुचले नाही, पण मान्य आहे. फक्त एवढे नोंदवतो, की दप्तरखान्यात काम करणारा संशोधकही एका रुमालातले, म्हणजे कापडात बांधलेल्या एका गठ्ठ्यातले, पत्र वाचून थांबत नाही. तो ज्याला पत्र गेले त्याच्या दप्तरात त्याचे उत्तर शोधायला उठतो. त्या इतिहासकारांनी संगणकासमोर बसल्यावर उठायचे सोडून दिले, असे म्हणू या.

कवडसा

मी आश्रमशाळेत शिकवते. आमच्याकडे मुलांजवळ फोन नसतात, शाळेचा एकच टॅब आहे आणि तोही कधी चार्ज नसतो. तरीही एक गोष्ट करून पाहिली, ती सांगते. तपासण्यापेक्षा करून पाहिल्यावर मुलांना जास्त कळते, असा माझा अनुभव आहे.

चिंचेच्या झाडाखाली वर्ग बसला होता, त्याचे एक छायाचित्र मी काढले आणि छापून आणले. निम्म्या वर्गाला सांगितले, की शाळेची तक्रार करायची आहे, आणि उरलेल्यांना सांगितले, की शाळेचे कौतुक करायचे आहे. छायाचित्र एकच, त्याखाली फक्त एक ओळ लिहायची. एका गटाने लिहिले, "वर्गखोल्यांअभावी विद्यार्थी उघड्यावर." दुसऱ्याने लिहिले, "निसर्गाच्या सान्निध्यात आनंददायी शिक्षण." दोन्ही ओळी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिल्यावर खरी कोणती, असे मी विचारले. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक मुलगा म्हणाला, "बाई, त्या दिवशी वर्गाला रंग देत होते, म्हणून आपण बाहेर बसलो होतो." खरे कारण दोन्ही ओळींत नव्हते.

मोठ्या मुलींसोबत आणखी एक केले. टॅबवर चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारे फिल्टर लावून एकमेकींचे फोटो काढायला सांगितले आणि फिल्टर काढून पुन्हा घ्यायला लावले. त्यात खरेखोटे शोधण्यासारखे काही नव्हते, सगळ्यांना सगळे माहीत होते. तरी एका मुलीने हळूच विचारले, की पहिला फोटो ठेवला तर चालेल का. मी हो म्हणाले. त्यावर काय शिकवायचे असते, हे मला तेव्हा सुचले नाही आणि अजूनही सुचलेले नाही.

सातपुड्याचा_वारा

कवडसा, तुमचा छायाचित्राचा प्रयोग मी येत्या शनिवारी उचलणार आहे. एक छोटी सूचना. परिपाठात रोज एक मूल बातम्या वाचतेच. आम्ही त्याला वाचलेल्या एका बातमीपुढे "ही मी अमुक दोन ठिकाणी पाहिली" असे सांगायला लावले आहे. वेळ जास्त लागत नाही. दुसरे ठिकाण म्हणून पहिले काही दिवस सगळेच "माझे काका" सांगत होते.

दोन_पिलांची_आई

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवतात, हे वाचले होते. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खातेच उघडू द्यायचे नाही, असा कायदा लागू केला आहे. मला भोंगा पटतो, कारण तो मोठ्यांसाठीही वाजतो. पण साडेआठला फोन हातात आल्यावर काय, हा प्रश्न राहतोच, म्हणून हा धागा मी पतीलाही वाचायला दिला आहे.

खडूफळा

सर्वांचे आभार. उलटतपासणी यांचे पाचांत तीन खरे, हे सूत्र मी लगेच लागू केले आणि त्यात पुन्हा एकदा तोंडावर आपटलो, ते सांगून थांबतो.

दर दिवाळीला अंतराळातून दिसणारा भारत म्हणून जे रंगीबेरंगी चित्र फिरते ते मी खोट्या नमुन्यांत घेतले होते. ते कोणत्याही एका रात्रीचे छायाचित्र नाही. अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि महासागरांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेतील शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी उपग्रहांनी टिपलेल्या माहितीवरून २००३ मध्ये ते तयार केले. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे आणि २००३ चे लाल, अशी त्याची रचना आहे. वस्ती कशी वाढत गेली हे त्यातून कळते. दिवाळीचा जादा उजेड अंतराळातून जवळजवळ जाणवतही नाही, असे नासाने २०१२ मध्ये खरे छायाचित्र प्रसिद्ध करताना सांगितले होते.

मी नेहमीप्रमाणे झेरॉक्स वाटल्या आणि वाट पाहत बसलो. पंधरा मिनिटे झाली तरी एकाही गटाला काही सापडेना. मला वाटले, मुलांचा उत्साह ओसरला. शेवटी ती वारवाली मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, याच्यात काय बघायचे? सगळे काळेच आहे." झेरॉक्समध्ये रंग गेले होते आणि ज्यावरून शोध लागायचा, नेमके तेच मी वाटताना गाळून टाकले होते. रंगीत प्रतीला तालुक्याच्या गावी वीस रुपये पडतात. सहा गटांच्या सहा प्रती सोमवारी आणणार आहे.